वफ्रातली भट्टी

आमच्या लॅबमध्ये सर दर गुरुवारी दुपारी दात फोडायचे. चिनीमातीचे, आम्हीच बनवलेले. आठवडाभरात कुणाच्या हातून रंग चुकलेला असे, कुणाच्या दाताला कडेला केसाएवढी फट राहिलेली असे. असे दात ते एका बशीत बाजूला ठेवत आणि सुट्टी व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून छोट्या हातोडीने एकेक फोडत. कुणाचा कोणता ते सांगत नसत, पण ज्याचा त्याला कळे. मी कुवेतला नवीन आले होते, सोलापूरची, तोंडाने फटकळ. मी विचारलं, पेशंटला यातला फरक कळणार आहे का? सर म्हणाले, "पेशंटला नाही कळणार. दाताला कळेल."

सर क्लिनिकच्या लॅबचे प्रमुख, मूळचे मिरजेचे. बायको-मुलं पुण्यात आणि हे फिंतासला समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये एकटे. वर्षातून एकदा पुण्याला जात आणि सुट्टी संपायच्या आत परत येत. वहिनींना याचं काय वाटे ते वहिनीच जाणोत. उंच, काटकुळे, आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघून बोलायची सवय. नव्या माणसाला वाटे आपल्या दातात पालक अडकलाय. आपलं काही चुकलं असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. दात बिघडला तर वीज कमी-जास्त झालेली असे, नाहीतर डॉक्टर आंधळा असे.

त्यांना घरी जेवायला बोलावणं ही परीक्षा होती. आम्ही सबाह अल-सालेमला राहायचो. एका गणपतीत माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली चार मोठी माणसं आलेली, आणि सरांनी श्रीखंडाची वाटी संपवून ती सगळ्यांसमोर उलटी केली, चष्मा वर करून तिचं बूड बघितलं आणि म्हणाले, "फॅक्टरी." एखाद्याला असाध्य रोग झाल्याचं सांगावं तसा सूर. भांडं वरून खोटं बोलतं, बुडाशी खरं बोलतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या आईने लग्नात दिलेला सेट होता तो. मी त्यांना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं नाही.

हे खूळ जपानचं. ऐंशीच्या दशकात क्लिनिकने त्यांना चिनीमातीचे दात शिकायला तिकडे पाठवलं होतं. दात ते शिकलेच, पण सुट्टीच्या दिवशी आगगाडीत बसून कुंभारांची गावं पालथी घालायला लागले. तिथे भांड्याला कुंभाराच्या आधी गावाचं नाव लागतं, कारण माती गावची. बिझेनच्या भांड्याला झिलई नसते. भाताच्या खाचराखालची चिकट माती आणि दिवसचे दिवस पेटती ठेवलेली लाकडांची भट्टी. राख उडून जिथे बसेल तिथे तिचा रंग. शिगाराकीच्या मातीत पांढरे खडे असतात, ते भाजताना पुरळ उठल्यासारखे बाहेर येतात. आरिताचं भांडं पांढरंशुभ्र, निळ्या नक्षीचं. आणि हागी नावाच्या गावचं भांडं मऊ, चहा पिणारं. वापरून वापरून त्याचा रंग पालटत जातो. हे नाव मराठी माणसांत घेतलं की हशा व्हायचाच. सर हसू संपेपर्यंत थांबत आणि तेच नाव पुन्हा, जास्त स्पष्ट उच्चारत.

माणसांनाही त्यांनी ही गावं वाटून दिली होती. क्लिनिकचा मालक, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो कफील, आरिता, दिसायला झकास, पण टिचकी मारायची भीती. माझा नवरा हागी, कारण रिफायनरीत जो साहेब येईल त्याचा रंग तो घेतो. मी शिगाराकी. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, खडे बाहेर आलेत. स्वतः कोण, ते मात्र कधी बोलले नाहीत.

बिझेनच्या एका म्हाताऱ्या कुंभाराने त्यांना भट्टीवर लाकडं फोडायला ठेवून घेतलं होतं. निघताना सरांनी त्याच्याकडे मूठभर माती मागितली, कुवेतला न्यायला. म्हातारा म्हणाला, ही माती इथे भाजते, तू राहतोस तिथली भाज. सर ते ऐकून कुवेतला परतले आणि पुन्हा दात करायला लागले. मग नव्वद साली इराकी सैन्य आलं. सर अंगावरच्या कपड्यांनिशी जॉर्डनमार्गे देशात गेले. परत आले तेव्हा फ्लॅट लुटलेला होता आणि जपानहून आणलेली सगळी भांडी फरशीवर फुटून पडली होती. टीव्ही नेणाऱ्याने जाताना भांडी कशाला फोडावीत, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. इथल्या मातीचं एक भांडं, ज्याला इथलं नाव लागेल. मी विचारलं, तुम्ही कुठे इथले? त्यांनी मलाच विचारलं, इतकी वर्षं इथे काढून आपण काय घेऊन जाणार, फ्रिज?

गाडी ते चालवत नसत. चालवायची मी. त्यामुळे एका हिवाळ्यात, शुक्रवारी सकाळी, मी त्यांना घेऊन जहराच्या पलीकडे वाळवंटात गेले. तिकडे पावसाचं पाणी साचून वाळलेल्या खोलगट जागा असतात आणि त्यांच्या तळाला चिकट माती तडकून पापडासारखी पडलेली असते. ती त्यांना हवी होती. लढाई संपून काही वर्षं झाली होती, तरी पेरलेले सुरुंग सगळे निघाले नव्हते. मेंढपाळांचे पाय गेल्याच्या बातम्या अधूनमधून यायच्या. रस्ता सोडायचा नाही हे कुवेतमध्ये लहान पोरालाही माहीत होतं. सर म्हणाले, तुम्ही गाडीतच बसा, आणि टायरांच्या जुन्या खुणांवर पाऊल टाकत काठी आणि पोतं घेऊन निघाले. खुणा संपल्या तरी थांबले नाहीत.

मी काच खाली करून ओरडले, "सर, तुम्ही मेलात तर कफीलला मी काय सांगू?"

ते मागे न बघता म्हणाले, "सांगा, माती आणायला गेलेत."

त्या तासाभरात मी देवाची जितकी नावं घेतली तितकी नंतर माझ्या ऑपरेशनच्या वेळीही घेतली नाहीत. ते वाकत, खरवडत, पुढे जात. पोतं भरून आले आणि सीटवर बसताना पँटची धूळ झटकायला लागले, गाडी खराब होईल म्हणून. मला भयंकर राग आला. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

मातीत मीठ निघालं. ती धुण्यासाठी सरांनी बाथरूमचा टब वापरायला घेतला आणि स्वतः बादलीने आंघोळ करू लागले. मोरी तुंबली, खालच्या मजल्यावर गळायला लागलं, बिल्डिंगचा हारिस, म्हणजे मिसरी रखवालदार, रोज दारावर येऊन भांडायचा. सर त्याला ताक द्यायचे. आणखी कितीतरी हिवाळे मातीच धुण्यात, लॅबच्या छोट्या ओव्हनमध्ये तिचे तुकडे भाजून बघण्यात आणि तडकलेले तुकडे हातोडीने फोडण्यात गेले.

मग साठी आली. क्लिनिकने सांगून टाकलं की पुढच्या उन्हाळ्यानंतर अकामा वाढणार नाही. अकामा नाही म्हणजे मुक्काम नाही. सरांच्या हातात एकच हिवाळा राहिला, आणि भट्टी अजून कागदावरसुद्धा नव्हती.

जागा मिळाली ती वफ्राला, दक्षिणेकडच्या शेतांमध्ये. सरांनी एका म्हाताऱ्या कुवेतीची कवळी केली होती. तिच्यामुळे तो मक्याचं कणीस खाऊ शकला, म्हणून त्याने आपल्या शेताचा कोपरा दिला. त्या शेतावर राखणीला सदा होता, गुहागरकडचा गवंडी, चाळिशीचा, अब्बासियातल्या खोलीतून कंपनी बुडाल्यामुळे बाहेर पडलेला. त्याचा अकामा संपला होता. पोलिसांच्या हाती लागला असता तर आधी कोठडी, मग विमान, आणि बोटांचे ठसे घेतले की पुन्हा कुवेत नाही. गावच्या घराच्या भिंती छपरापर्यंत येऊन थांबल्या होत्या. शेताच्या कुंपणाबाहेर तो पाऊल टाकत नसे.

भट्टी सदाने बांधली. जमिनीत अर्धी पुरलेली, वर विटांची कमान, एखादी म्हैस बसल्यासारखी. विटा माझ्या नवऱ्याने रिफायनरीच्या भंगारातून आणल्या. सर जपानची वही उघडून सांगायचे, सदा बांधायचा, सर पाडायला लावायचे. तीनदा कमान उतरवली. सदा माझ्याकडे कुरकुर करायचा, "मॅडम, ह्यांना देवळाचा कळस हवाय का मडकी भाजायचीत?" चौथ्यांदा सरांनी कमानीखाली आडवं पडून बराच वेळ वर बघितलं आणि काही न बोलता बाहेर आले. सदाला तेवढ्याने पगार मिळाल्यासारखं झालं. लाकूड म्हणून बंदरावरच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या. त्यांचे खिळे दोघं शुक्रवार-शुक्रवार उपटत बसायचे.

त्याच हिवाळ्यात इराकवर पुन्हा हल्ला होणार अशी हवा झाली. रस्त्यावर अमेरिकन ट्रकांच्या रांगा, दुकानांत खिडक्यांना लावायची चिकटपट्टी संपलेली, जागोजागी तपासणी. शेताचा मालक भीतीने सौदीला बहिणीकडे जाऊन बसला. मी सरांना म्हटलं, या वेळी धूर करू नका. ते म्हणाले, पुढच्या वेळी मी नसेन.

भट्टी आठवडाभर पेटती होती. सर रजा टाकून तिथेच राहिले. मी संध्याकाळी डबा घेऊन जायची. दोघांचे डोळे लाल, भुवया जळलेल्या. लाकूड सारताना सदाचा हात भाजला तेव्हा सरांनी आधी भट्टीचं तोंड बंद केलं आणि मग त्याचा हात बघितला. ते मी बघितलं आणि मनात म्हटलं, या माणसाला माणसापेक्षा मडकी जवळची. शेवटी सगळी तोंडं विटा आणि चिखलाने बंद केली. आता ती आपोआप गार होईपर्यंत हात लावायचा नाही. आत भांडी लाल आहेत, बाहेर थंडी आहे, वारा आत गेला तर एकही शाबूत राहणार नाही, हे सरांनी मला आणि सदाला शंभर वेळा ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळी पोहे घेऊन गेले. तिघं चहा घेत होतो तेवढ्यात फाटकाशी पोलिसांची जीप दिसली. सदा कप टाकून कोंबड्यांच्या शेडमध्ये पळाला. शेड लांब होती, भाजीच्या वाफ्यांच्या पलीकडे.

अधिकारी तरुण होता, उद्धट नव्हता. त्याच्याबरोबर एक शिपाई. आठवडाभर या शेतातून रात्रंदिवस धूर निघतोय अशी तक्रार होती. त्याने भट्टीभोवती चक्कर मारली, भिंतीला हात लावून पटकन काढला. आत काय आहे? सरांचं अरबी सगळं क्लिनिकचं होतं: उघडा, चावा, दुखतं का. तरी त्यांनी सांगितलं की मातीची भांडी आहेत. अधिकारी म्हणाला, भांडी तर बाजारात मिळतात. मग हिंदीत मला विचारलं, दारू गाळताय की आणखी काही लपवलंय? मी मालकाचं नाव सांगितलं, तो सौदीत असल्याचं सांगितलं. त्याने मालकाला फोन लावला, तो लागला नाही.

"इफ्तह," तो सरांना म्हणाला. उघडा.

सरांनी मान हलवली. हात जोडून, मोडक्या भाषेत, मध्येमध्ये माझ्याकडून हिंदी करून घेत सांगितलं की आता उघडली तर सगळं फुटेल. हवं तर मला ठाण्यावर न्या, इथे शिपाई बसवा, चार दिवसांनी स्वतः येऊन उघडा. कोठडीची त्यांना फिकीर नव्हती. अकामा होता, कफील होता, संध्याकाळपर्यंत सुटले असते. मीही सुटले असते. बोलणं इतकं रास्त होतं की अधिकाऱ्याला पटलंच. तो म्हणाला, ठीक आहे, चला. पण आधी माणसं बोलावून सगळं शेत तपासतो.

तेवढ्यात त्याचं लक्ष कपांकडे गेलं. माणसं दोन, कप तीन, त्यातला एक मातीत आडवा. तिसरा कोण, त्याने विचारलं. सर म्हणाले, मी दोन पितो. अधिकारी हसला नाही. त्याने कमरेचा वायरलेस काढला.

माझी मान आपोआप शेडकडे वळायला लागली. सरांनी बुटाने माझा पाय दाबला, जोरात. ते स्वतः भट्टीकडेच बघत होते. वायरलेसवर कुणीतरी उत्तर दिलं. अधिकारी बोलायला लागणार, इतक्यात सर म्हणाले, "ठहरो," आणि त्यांनी पहार उचलली.

बंद केलेल्या तोंडाच्या विटा त्यांनी उपटल्या. घाईत पहार वर लागली आणि कमानीचा पुढचा भाग धाडकन आत बसला. झळ आली, आम्ही मागे झालो. आत काळपट लाल उजेड होता आणि त्यात भांडी उभी होती, रांगेने, अंगावर राखेची चकाकी घेऊन. तेवढी एकदाच ती मी पूर्ण बघितली. खरं सांगते, इतकं सुंदर काही मी आधी बघितलं नव्हतं. मग थंड वारा आत शिरला आणि टण्णकन पहिला आवाज आला.

सर हळू आवाजात बोलत होते. "पुढची सुरई. तिच्या मागचा रांजण. डावीकडचा वाडगा." प्रत्येक आवाजाला एक. अधिकाऱ्याने विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, काय काय फुटलं ते. तो भट्टीपाशी वाकला, बघितलं, सरळ झाला. वायरलेस त्याने परत कमरेला लावला होता.

"बोलना था ना, टूट जाएगा," तो मला म्हणाला.

"बोला था," मी म्हटलं.

जीप गेली. आवाज नंतरही बराच वेळ येत राहिले. सदा शेडमधून आला आणि पडलेली कमान बघून डोक्याला हात लावून बसला. मी काही बोलणार तर सर म्हणाले, "त्याला काही सांगायचं नाही. कधीच." आणि गाडीत जाऊन बसले. सदाने पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी घेतला नाही. त्याच्याकडे बघितलंही नाही.

नंतरही नाही. युद्ध सुरू झालं, सायरन वाजले, संपलं. सदाला एका नव्या कफीलने कागद करून दिले. तो लॅबमध्ये फोन करायचा आणि सर हाताने नाही म्हणून खूण करायचे. मला हे सहन होईना. एकदा मी दार लावून त्यांना सुनावलं की माणूस वाचवायचा आणि मग त्याला असं तोडायचं, ही कुठली रीत?

ते दाताला रंग लावत होते. म्हणाले, "त्याचा आवाज ऐकला की मला ते आवाज ऐकू येतात. त्यात त्याचा काय दोष? म्हणून ऐकत नाही." मग ब्रश खाली ठेवून म्हणाले, "पुन्हा वेळ आली तरी उघडीन. पण राग येतोच, बाई. त्याला मी काय करू?"

त्यांच्या जाण्याच्या आठवड्यात सदाचा पुन्हा फोन आला, माझ्यासाठी. त्याने विचारलं, मॅडम, कमानीत माझं नेमकं कुठं चुकलं, सायेब काही बोलले का? आधी मला कळेचना. मग लक्षात आलं. हा गवंडी इतके महिने समजत होता की आपण बांधलेली कमान आपोआप बसली, पोलीस धूर बघून येऊन गेले, आणि सरांचं सगळं आपल्या हातून मातीत गेलं. म्हणून साहेब बोलत नाहीत. मी फोन ठेवला आणि सरांना जसंच्या तसं सांगितलं. संध्याकाळी म्हणाले, शुक्रवारी वफ्राला चला.

जूनचं ऊन होतं, बूट पोळत होते. सदा फाटकाशी उभा होता. तो आम्हाला सरळ भट्टीकडे घेऊन गेला. त्याने सगळी कमान उतरवून नवी बांधली होती. एकट्याने, त्या उन्हात, कुणी न सांगता.

"बगा सायेब," तो म्हणाला, "आता हत्ती चडला तरी बसायची नाय."

सर वाकले. वीट न् वीट बघितली. मग सरळ उभे राहून त्याच्याकडे बघून म्हणाले, "आधीचीही चांगली होती. ती बसली नाही, मी पाडली. गार व्हायच्या आधी उघडायला गेलो, पहार लागली. बघायची घाई झाली मला. तुझं काही चुकलं नव्हतं."

"पन पोलिस आल्ते ना तवा?"

"ते धूर बघून आले, गेले."

मी तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं. सदाचा चेहरा आधी मोकळा झाला, आणि मग त्याला जो संताप आला तसा मी कधी बघितलेला नव्हता. इतक्या महिन्यांचं त्याने सगळं काढलं. खिळे काढून सोललेली बोटं, भाजलेला हात, तीनदा पाडलेली कमान, न लागलेली झोप. तांदूळ शिजायच्या आत झाकण काढणाऱ्या पोराला आई झापते तसा तो त्यांना झापत होता, आणि सर भर उन्हात मान खाली घालून ऐकत होते.

"येवडी वर्सं थांबलाव सायेब," शेवटी तो म्हणाला, "आन चार दीस दम धरवला नाय तुमाला?"

"नाही धरवला," सर म्हणाले.